गार लागेपर्यंत

हात वर धरून उभी असताना तिला एकाएकी जाणवलं, की सगळ्याजणी आपल्याकडे बघताहेत. सरळ नव्हे, आरशातून. त्या जिमच्या तिन्ही भिंतींना आरसे होते, त्यामुळे कुणाला कुणाकडे मान वळवून बघावंच लागत नसे. नजर एका भिंतीवर टाकली की ती फिरत फिरत हव्या त्या माणसापर्यंत पोचायची. तिने उजवीकडच्या आरशात पाहिलं तर बसवाली बुटाच्या नाडीशी खेळायला लागली. समोर पाहिलं तर हेडबाईंनी चष्मा पुसायला काढला. बाळंतपणानंतर सैलावलेला आपला दंड डंबेलखाली थरथरतोय, तेच बघत असतील झालं, असं तिने स्वतःला सांगितलं आणि हात आणखी ताठ केला. खाली येऊ द्यायचा नव्हता तिला तो. आजच्या प्रश्नावर तर नाहीच नाही.

इथली रीतच तशी होती. शिकवणारी बाई कायम गळ्यात शिट्टी अडकवून असायची, म्हणून मागे सगळ्या तिला शिट्टी म्हणायच्या आणि समोर मॅडम. पंखा केवढ्यावर ठेवायचा, गाणी लावायची की नाहीत, काहीही ठरवायचं झालं की शिट्टी म्हणायची, "मत द्यायचं तर वजनासकट द्या." ज्यांना हवं त्यांनी डंबेल डोक्यावर धरायचं, आणि ती पुन्हा शिट्टी फुंकेल तोवर ज्यांचे हात वर टिकतील तेवढीच मतं धरायची. नुसतं तोंडाने कुणालाही काहीही हवं असतं, असं तिचं म्हणणं. आजचा प्रश्न होता सेंटचा. अत्तर, सेंट, स्प्रे, असलं काही लावून सकाळच्या बॅचला यायचं की नाही. विषय बसवालीने काढला होता. ती शाळेची बस चालवायची, मुलांना सोडून थेट इथे यायची; बोलायची कमी, आणि बोललीच तर रस्त्यावर कुणाला बाजूला हो म्हणावं तशी. "मला दमा आहे," ती म्हणाली. "पळून लागतो तो दम वेगळा आणि हा वेगळा. बसमध्ये मी खिडकी उघडते. इथे खिडक्या बंद, एसी चालू, जाऊ कुठे? कुणाचं नाव घेत नाही मी." हेडबाई एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, वाद आयता आला की त्यांना जोर यायचा. "आज सेंट बंद कराल, उद्या डोक्याचं तेल, परवा माझ्या गुडघ्याचा बाम. मग मी काय करू, गुडघा घरी ठेवून येऊ?" कोणीतरी मागून म्हणालं, "मग घामाला पण बंदी घाला ना!" त्यावर शिट्टी म्हणाली, "घाम मी काढलेला असतो, त्याला मी बंदी घालणार नाही." सगळ्या हसल्या. तीही हसली, आणि त्या हसण्याच्या भरात, आपण गप्प बसलो तर कळेल की काय अशा जुन्या धास्तीने, बसवालीकडे हात करून जरा मोठ्यानेच म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. काय वास असतो कधीकधी! डोकंच उठतं माझं तर. आणि ज्यांना कळत नाही ना, त्यांना सरळ तोंडावर सांगायला हवं."

हसणं एकदम ओसरलं. ट्रेडमिलच्या पायपट्टीवर चालणारी एकजण तेवढी चालत राहिली. मग शिट्टी वाजली, बंदी हवी त्यांचे हात वर गेले, एकेक करून खाली आले, आणि अगदी शेवटी, दुसरी शिट्टी वाजून गेल्यावरही, तिचाच हात वर होता.

घरी जाताना तिला स्वतःचं जरा कौतुक वाटत होतं. खांद्यात गोड ठणका होता. आपण बोललो, चारचौघींत ठामपणे बोललो, आणि कुणाला काही कळलं नाही. कळू न देणं हे गेले काही महिने तिचं दुसरं कामच होऊन बसलं होतं, आणि आजची ती थाप म्हणजे त्या कामातला कळस. वासाची तक्रार केली होती तिने! डोकं उठतं म्हणाली होती! नाक असलेल्या माणसासारखी.

बाळ मान धरायला लागलं त्या सुमारास तिला ताप आला होता. सर्दी, अंगदुखी, आठवडाभर बाळ सासूबाईंपाशी आणि ती दाराच्या अलीकडे. ताप उतरला, सर्दी गेली, आणि जाताना नाकातलं सगळंच घेऊन गेली. पहिल्यांदा ते दुधाने सांगितलं. ती ओट्यापाशीच उभी होती, भांडी पुसत, शेजारी पातेल्यात दूध करपून काळं झालेलं, आणि आतल्या खोलीतून सासूबाई ओरडत आल्या, "अगं, आहेस कुठे? घरभर वास सुटलाय!" तेव्हा तिने मान वळवून पाहिलं. धूर दिसला. दिसलाच फक्त. "तंद्री लागली होती, आई," ती म्हणाली, आणि त्याच दिवशी सासूबाईंनी बाळ पुन्हा तिच्या हातात दिलं, म्हणाल्या, "घे, टाळूचा वास घे एकदा, सगळा शीण जाईल." तिने डोळे मिटून बाळाच्या टाळूवर नाक टेकवलं. काचेवर नाक टेकवावं तसं झालं. ऊब लागली, मऊ लव लागली, त्वचेखाली उडणारी ती ठिणगीएवढी नाडी लागली, पण ज्याच्यासाठी वाकली होती ते तिथे नव्हतं. "हं," ती म्हणाली, "किती गोड." तिची ती पहिली थाप. मग एकीला दुसरी लागतच गेली. "साहेबांनी कार्यक्रम उरकलाय वाटतं, वास नाही आला तुला?" नवरा बाळाला साहेब म्हणायचा, त्याचं ऐकून सगळं घरच म्हणायला लागलं होतं. "बदलणारच होते," ती म्हणायची. मग ती दर थोड्या वेळाने लंगोटात बोट घालून बघायची. दूध गॅसवर ठेवलं की शेजारून हलायची नाही. गॅसचं बटण बंद आहे ना ते दिवसातून किती वेळा बघायची याला गणतीच नव्हती. नुसतं सांगून टाकलं असतं तर? तर मग तिला गॅसपाशी एकटीला सोडलं नसतं कुणी. हळूहळू बाळापाशीही नाही. हे तिचं स्वतःला दिलेलं कारण. पण त्याच्याही खाली एक होतं, त्याला ती शब्द लावायची नाही. जिला आपल्या बाळाचा वास येत नाही ती आई कसली. ती त्या घरात कामाला ठेवलेली एक बाई, काळजीने वागणारी, वेळेवर सगळं करणारी.

आणि नणंदेने खिडकी उघडली तेही त्याच दिवसांत. नणंद बाळाला बघायला आली होती, ही तिच्या शेजारी पलंगावर जाऊन बसली, आणि नणंद बोलता बोलता उठली, खिडकी उघडली, परत येऊन बसली. एवढंच. उकडत असेल. पडदा हलावा म्हणून असेल. पण ती रात्रभर तो कडीचा आवाज ऐकत राहिली. अंगावर सुकलेलं दूध, बाळाची ओकारी, घाम, न्हायला न मिळालेले केस. यातलं आपलं आपल्याला काही कळत नाही, मग लोकांना काय काय कळत असेल! चष्म्याच्या दुकानात कामाला होती ती, बाळंतपणाच्या रजेवर. काडी गरम करून वाकवायची, चष्मा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चढवायचा, कानामागे बोट फिरवून कुठे रुततंय ते बघायचं. त्या कामात माणसाच्या इतकं जवळ जावं लागतं, की नाक मिटायची सोय नसते; डोळ्यांना पापण्या दिल्या, नाकाला काही दिलं नाही. कानामागे माणसाचा खरा वास असतो हे तिला तिथे कळलं होतं. गालाला लोक काय काय लावून येतात, कानामागे कुणी लक्ष देत नाही. एक म्हातारे गृहस्थ यायचे, त्यांच्या कानामागे ओल्या पाटीसारखा वास होता. एका तरुण मुलीच्या कानामागे भाजलेल्या पावासारखा. ती कुणाला कधी बोलली नव्हती हे, पण गिऱ्हाईक दारातून आत येताना ती चेहऱ्याच्या आधी ते आठवायची. आता रजा संपली की पुन्हा तिथे उभं राहायचं होतं, अनोळखी माणसांच्या श्वासाच्या अंतरावर, स्वतःची काही खबर नसताना.

तेव्हा तिने सेंटची बाटली काढली. रजेवर निघाली त्या दिवशी दुकानातल्या मैत्रिणींनी दिलेली, हिरव्या काचेची. वास कसा आहे ते तिला आठवत होतं. ओल्या पानांचा, आणि मागून जरा मिरीसारखा. पण आता फवारलं तर नाकाला काहीच लागायचं नाही. त्वचेला गार लागायचं, तेवढंच. म्हणून गार लागणं हेच तिने माप धरलं. मानेला गार लागलं म्हणजे लागला. अंग तापलेलं असलं की गार लगेच विरायचं, मग आणखी एकदा. मग कानामागे. मग मनगटं, कोपराची खळगी. सकाळी जिमला जाताना एकदा, आल्यावर अंघोळ झाली की परत एकदा, कारण त्यानंतर बाळाला घ्यायचं असायचं, आणि बाळाला तरी स्वच्छ आई मिळावी. घरात कुणी काही म्हणालं नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, संध्याकाळी ग्रीसने माखून यायचा, पहिल्या दिवशी दारातच थबकून म्हणाला, "वा! कुठे निघाली स्वारी?" ती हसली. मग आत जाऊन तो आईला हळूच म्हणाला ते तिने ऐकलं, "आता जरा खुललीय, नाही?" आणि सासूबाईंचं तर व्रतच होतं, की सुनेच्या कपाटात आणि सुनेच्या अंगावरच्या गोष्टीत आपण पडायचं नाही. त्या फक्त अधूनमधून खिडक्या उघडत. तिने तेही पाहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी बाटलीचं बटण जरा जास्त वेळ दाबलं होतं.

आजही ती घरी आली, अंघोळ केली, मानेला गार लागलं, आणि बाळाला घ्यायला गेली. बाळ सासूबाईंच्या मांडीवर स्वतःची मूठ चोखत होतं. तिला बघून हसलं. लांबून ते नेहमी हसायचं. तिने घेतलं, पदराआड केलं, आणि रोज व्हायचं तेच पुन्हा झालं: बाळाने तोंड जवळ नेलं, थांबलं, आणि मान फिरवली. तिने परत वळवली. त्याने पाठीची कमान केली, मुठीने तिची छाती लोटली, चेहरा लालबुंद करून रडायला लागलं. "रुसलंय गं," सासूबाई दुधाची बाटली घेऊन आल्या. "बाहेर जाऊन येतेस ना. साहेबांना आवडत नाही." त्यांच्या मांडीवर बाळ गुटुगुटु प्यायलं, डोळे तिच्याकडे लावून. ती ओल्या छातीने समोर उभी. सासूबाईंच्या आवाजात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं, टोमण्याशी भांडता येतं. रात्री मात्र ते तिच्यापाशीच प्यायचं. अंधारात, डोळे मिटून, अर्धवट झोपेत. म्हणजे, ती विचार करायची, झोपेत आपण चालतो. जागं असलं, ओळखू यायला लागलं, की नको असतो. त्याला कळलं असणार. ज्या बाईला आपला वास येत नाही ती आपली नाही, हे त्याला त्याच्या पद्धतीने कळलं असणार. किती सूक्ष्म असतात ही मुलं.

जिम सोडायची, असं तिने त्या दुपारी ठरवलं. डॉक्टरीणबाईंनी पाठीसाठी जा म्हणून सांगितलं होतं, पाठ बरीही होत होती; पण खरं म्हणजे ती तिथे जायची कारण त्या एका तासात तिला कुणी काही हुंगून बघ म्हणायचं नाही. तिथे लोखंड होतं, जड आणि हलकं असे दोनच प्रश्न होते, कण्हलं तरी कुणी काय झालं म्हणून विचारत नसे. बाळाला नको असेल तर तेही नको. दुपारी बाळ झोपल्यावर ती त्याच्या शेजारी आडवी झाली. त्याच्या उघड्या तळव्यावर आपलं बोट ठेवलं. झोपेतच त्याने ते घट्ट धरलं. झोपेत चालतो, तिला पुन्हा आठवलं, आणि ती त्या मुठीतून बोट न काढता पडून राहिली, हाताला मुंग्या आल्या तरी.

दुसऱ्या दिवशी शिट्टीला सांगून टाकावं म्हणून ती जिमला गेली. कपाटांच्या दारावर नवा कागद चिकटवला होता: *कृपया सेंट, अत्तर, स्प्रे लावून येऊ नये. सकाळच्या बॅचने बहुमताने ठरवले आहे.* तो बघून तिला समाधान वाटलं. आपल्यापुरतं तर तिने काळजी घेतलीच होती, आज मानेलाच तेवढं, आणि कानामागे थोडं. एवढंसं म्हणजे काही उग्र नव्हे. उग्र लावणारी ती कोण, याचा तिने पायपट्टीवर चालता चालता विचारही केला. पलीकडे सायकल मारणारी ती गोरी? का केस मोकळे सोडणारी? शेजारच्या पायपट्टीवर बसवाली होती. जराशाने तिने पट्टी थांबवली, तोंडावर हात धरला, आणि खोकत खोकत बाहेर गेली. खोकला बाहेरच्या जिन्यातून ऐकू येत राहिला, थांबला नाही. इतरजणींनी एकमेकींकडे पाहिलं. आरशातून. कुणी उठलं नाही, म्हणून तिला राग आला. ती आपली पाण्याची बाटली घेऊन धावतच बाहेर गेली.

बसवाली जिन्यात बसली होती, हातात दम्याचा पंप, खांदे वरखाली होत. ती तिच्या अगदी शेजारी टेकली, पाठीवरून हात फिरवायला लागली. बसवालीने हात झटकला. "लांब," ती कशीबशी म्हणाली. "जरा... लांब हो, बाई."

"आलेलं दिसतंय कुणीतरी लावून आजही! कागद लावलाय तरी!" ती संतापाने म्हणाली. "मला सांगा तुम्ही कोण ते. मी जाऊन बोलते तिला. लाज कशी वाटत नाही म्हणते मी."

बसवालीने पंप तोंडात धरला, आत ओढला, श्वास कोंडून धरला आणि तिच्याकडे बघत राहिली. बसच्या आरशात मागच्या सीटवरच्या मुलाला बघावं तसं, हे पोर खोटं बोलतंय की त्याला खरंच बरं नाही, याचा अंदाज घेत. मग श्वास सोडला.

"अगं," ती म्हणाली, "तू."

जिन्याला एक बारीक खिडकी होती, तिच्यातून पायरीवर उन्हाचा चौकोन पडला होता. तिने त्या चौकोनाकडे बघितलं. कालचा हात तिला दिसला, डोक्यावर ताठ धरलेला, सगळ्या बायकांच्या मधोमध. पुसायला काढलेला चष्मा, नाडीत गुंतलेली बोटं, सगळ्यांनी किती जपून नजरा वळवल्या होत्या. सासूबाईंच्या खिडक्या दिसल्या, एकामागून एक उघडणाऱ्या. तिला वाटलं आपण उठून घरी जावं. पण तिच्या तोंडून जे आजवर नवऱ्यासमोर, आईसमोर, डॉक्टरीणबाईंसमोर निघालं नव्हतं ते त्या अर्ध्या ओळखीच्या बाईसमोर, भाजी महाग झालीय म्हणावं इतक्या साध्या आवाजात निघून गेलं.

"मला वास येत नाही."

"कसला?"

"कसलाच. ताप आला होता, तेव्हापासून. हे मी गार लागेपर्यंत मारते. दुसरं काय कळतच नाही मला."

बसवालीच्या खांद्यांना पुन्हा झटके बसायला लागले, ही घाबरली, पाणी पुढे केलं, पण तो खोकला नव्हता. ती हसत होती. "आणि काल," ती पंप धरलेल्या हाताने डोळे पुसत म्हणाली, "काल तू... शिट्टी वाजून गेली तरी हात वर! आम्ही म्हटलं काय पोचलेली बाई आहे! हेडबाई म्हणाल्या, शाळेत एवढी मुलं पाहिली, पण असा चेहरा ठेवणारं एक नाही." ही आधी नुसतीच बघत राहिली. मग तिलाही आतून कुठूनतरी ते आलं, आधी पोटात, मग खांद्यात, कालच्याच दुखऱ्या खांद्यात, आणि दोघी त्या जिन्यात एकमेकींपासून तीन पायऱ्या अंतर ठेवून हसत सुटल्या. हसता हसता हिचं रडणं कधी झालं ते बसवालीला कळलं असावं, पण ती जिना बघत राहिली.

"मग तुम्ही कुणी बोललात का नाही मला?"

"बाळंतीण बाई. शिट्टी म्हणाली, नियम करू, म्हणजे एकटीला लागणार नाही. माझंच चुकलं. मी रोज शंभरदा हॉर्न वाजवते, तुला एकदा वाजवायला हवा होता."

"एक विचारू?" तिने चेहरा गुडघ्यात घातला, कारण हे तोंड वर करून विचारता येण्यासारखं नव्हतं. "याच्याशिवाय... माझा वाईट वास येतो का? घामाचा, दुधाचा वगैरे?"

"या सेंटाखाली हत्ती लपला तरी कळायचं नाही गं! आधी धुऊन ये, मग सांगते." बसवालीने खिशातून रुमालात गुंडाळलेली साबणाची वडी काढली. "हा घे. याला वास नाही. माझा मीच बाळगते. चांगलं चोळून धू, कानामागे पण."

तिने धुतलं. बेसिनपाशी, मान वाकवून, त्वचा लाल होईतो. पाणी गार होतं, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा गार लागलं याचा काही अर्थ नव्हता. परत आली तेव्हा बसवाली जिन्यावर उभी राहिली, लांबूनच नाक पुढे केलं, एक पायरी उतरली, आणखी एक. श्वास घेतला. खोकला आला नाही.

"आता माणसाचा येतो."

"कसल्या माणसाचा?"

"मला काय विचारतेस, मी काय कुत्रा आहे? माणसाचा. साध्या माणसाचा. आणि थोडा दुधाचा." मग जराशाने, आत जायला वळताना, "चांगला आहे. चल, शिट्टी बोंबलेल."

शिट्टीला तिने जिम सोडण्याचं काही सांगितलं नाही. त्या दिवशी ती खूप घामेजली. लपवायचं काही नसलं की घाम किती मोकळा येतो! पाठीवरून ओघळत होता, पोटावर कपडा चिकटत होता, आरशातल्या बाईचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता आणि ती बाई परकी वाटत नव्हती. हेडबाई जवळून जाताना थबकल्या, त्यांनी एकदा बसवालीकडे पाहिलं, बसवालीने मान हलवली, आणि हेडबाई तिच्या पाठीवर थाप मारून पुढे गेल्या. त्यांच्या गुडघ्याच्या बामाला वास असणार. कसा असेल, तिने आठवून पाहिला. आठवणीतला वास येतो तेवढा येतो, पण तो आत ओढता येत नाही.

घराच्या जिन्यातच रडणं ऐकू आलं. दार उघडलं तर सासूबाई बाळाला खांद्यावर टाकून खोलीभर फेऱ्या मारत होत्या, बाटली टेबलावर तशीच भरलेली. "घे बाई, आज काही केल्या ऐकत नाही. बाटलीला तोंड लावायला तयार नाही."

"आई, मी अंघोळ करून येते, घामाने नुसती—"

"अंघोळ कुठे पळून चाललीय? घे म्हणते ना."

त्यांनी ते रडतं गाठोडं तिच्या ओल्या छातीवर ठेवूनच दिलं, आणि दूध तापवायला स्वयंपाकघरात गेल्या. ती बुटांसकट खाली बसली, भिंतीला पाठ टेकून. बाळ रडत होतं, मुठी झाडत होतं. तिने त्याला वळवलं नाही, जवळ ओढलं नाही. मान फिरवायची असेल तर फिरवू दे, आज बघवत नसलं तरी बघायचं, असं काहीसं तिच्या मनात होतं. बाळाचा गाल तिच्या मानेला लागला. रडणं मध्येच तुटलं. तिला आधी वाटलं उचकी लागली. मग तिने खाली पाहिलं, आणि तिला त्याच्या नाकपुड्या दिसल्या, डाळीच्या दाण्याएवढ्या, उघडत होत्या, मिटत होत्या. त्याने मानेवरून नाक घासत नेलं, गळ्याच्या खळगीत थांबलं, पुन्हा निघालं, डोळे टक्क उघडे, जागं, पूर्ण जागं, एखादी वस्तू अंधारात चाचपत शोधावी आणि ती जिथे ठेवली होती तिथेच हाताला लागावी तसं ते खाली खाली सरकलं आणि त्याला सापडलं. दूध उतरताना छातीत कळ आली. ते प्यायला लागलं. पिता पिता त्याने वर बघितलं, एका हाताची मूठ उघडली आणि तिच्या घामाने चिकटलेल्या कपड्यावर पसरून ठेवली.

इतके दिवस ते हिरव्या बाटलीपासून मान फिरवत होतं. तिच्यापासून नव्हे. तिला शोधत होतं, आणि ती दर वेळी स्वतःला पुसून त्याच्यासमोर जात होती.

"आई," तिने हाक मारली. "आई, इकडे या ना."

सासूबाई हात पुसत आल्या. बाळाला बघून दारातच थांबल्या. "अगंबाई. रुसवा गेला का?"

"मला वास येत नाही, आई. तापापासून. दूध करपलं होतं ना तेव्हाही नव्हता आला. मी खोटं बोलले. मला... याचाही येत नाही."

सासूबाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा उघड्या खिडकीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून बरंच काही सरकत गेलं, सगळ्या उघडलेल्या खिडक्या, सगळी न बोललेली वाक्यं. "आणि मी आपली म्हणते, पोरीला हौस आहे, आपण कशाला बोला," त्या म्हणाल्या. मग गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "एवढं मोठं एकटीने बाळगलंस? आम्ही काय मेलो होतो?" त्यांनी तिच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले. बाळाच्या पिण्याचा आवाज तेवढा येत होता.

"सांगाल का?" ती म्हणाली. "कसा आहे ते?"

सासूबाई वाकल्या. बाळाच्या टाळूवर नाक टेकवलं, डोळे मिटले. "कोवळा आहे," त्या म्हणाल्या. मग नाही, तसं नाही, अशी मान हलवली. "थांब हं. उशी उन्हात घालतो ना आपण, आणि संध्याकाळी आत आणतो, तसा. ऊन गेलेलं असतं पण उशीत असतं." पुन्हा हुंगलं. "त्यात थोडं दूध. आणि काहीतरी आहे बघ, काय म्हणू, नवं फडकं ओलं केल्यासारखं." त्या शोधत होत्या, कपाळाला आठ्या घालून, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना इतकं अवघड काही विचारलं होतं, आणि ती एकेक शब्द आत घेत होती, श्वासासारखा.

"आणि माझा?"

त्यांनी संकोचाने तिच्याकडे पाहिलं, मग मान पुढे करून तिच्या खांद्याजवळ, कानामागे, जिथे माणसाचा खरा वास असतो तिथे नाक नेलं. मग परत बाळाच्या टाळूवर. परत तिच्याकडे. बाळाने पिणं थांबवून या नव्या खेळाकडे बघितलं. "छे बाई," सासूबाई शेवटी म्हणाल्या, "कुणाचा कुठला, वेगळा काढताच येत नाही."

त्याच वेळी स्वयंपाकघरातून चर्रर्र आवाज आला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दूध उतू जाऊन विस्तवावर पडलं होतं, करपलंही असणार, घरभर सुटलाही असणार वास. "मेलं दूध!" सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं, कारण त्या अजून वाकलेल्याच होत्या, नाक बाळाच्या टाळूत, आणि त्यांनाही काही कळलं नव्हतं.